पित्तनळीवर मतदान

माणूस आयुष्यभर विद्यार्थीच असतो, हे थोर वचन ज्याने पहिल्यांदा उच्चारलं, तो त्या वेळी ऑपरेशनच्या टेबलावर आडवा पडलेला नसावा. टेबलावर पडलेल्या माणसाची अशी एक कोती समजूत असते की, आपल्याला कापणाऱ्याचं शिक्षण एव्हाना पूर्ण झालेलं असेल. या समजुतीला शास्त्रीय आधार नाही. ज्ञान रोज पुढे जातं, आणि सर्जन टेबलापाशीच उभा राहिला तर मागे पडतो, हे उघड आहे. तेव्हा सर्जनला टेबलापासून दूर नेणं रुग्णाच्याच हिताचं, आणि हे काम सर्जन-शिक्षण परिषद कित्येक वर्षं निष्ठेने करत आली आहे.

परिषदेची पद्धत कुणालाही समजेल अशी आहे. दर पाच वर्षांत प्रत्येक सर्जनने ठरावीक गुण मिळवायचे. मिळाले तर नोंदणी चालू, नाही तर सुरी खाली. भाषण ऐकलं की एक गुण. भाषण केलं की दोन. भाषण चालू असताना अध्यक्षाच्या खुर्चीत बसून ‘वेळ संपत आली’ अशी चिठ्ठी सरकवली की तीन. संमेलनाची फीत कापली की चार (कात्रीचा प्रत्यक्ष वापर होत असल्यामुळे ही बाब ‘प्रात्यक्षिक’ या सदरात मोडते). आणि शस्त्रक्रिया केली की शून्य.

या शून्यावरून काही असंतुष्टांनी मागे आरडाओरडा केला होता. परिषदेने त्यांना न रागावता समजावलं. ज्याला शस्त्रक्रिया येते तो ती करताना नवीन काही शिकत नाही, आणि ज्याला येत नाही त्याने ती करूच नये. कोणत्याही बाजूने विचार केला तरी उत्तर शून्यच येतं. असंतुष्टांना हे पटलं नाही, कारण त्यांचं वाचन कमी होतं.

या कथेतले डॉक्टर अशाच कमी वाचलेल्यांपैकी. त्यांना पोट उघडता यायचं, आत जे बिघडलं असेल ते नीट करता यायचं, आणि पोट पुन्हा मिटवता यायचं, एवढीच काय ती त्यांची पात्रता. सकाळी हात धुऊन थिएटरमध्ये शिरायचे ते संध्याकाळी बाहेर यायचे. पाच वर्षांत त्यांच्या नावावर दोन गुण जमले होते, तेही स्वच्छतागृह शोधताना चुकून एका व्याख्यानाच्या हॉलमध्ये शिरले आणि दारावरच्या मुलीने गळ्यातलं कार्ड यंत्रापुढे धरलं म्हणून. ते लगेच बाहेर पडले, पण बाहेर पडतानाही कार्ड धरलं गेलं. आत एक, बाहेर एक.

पाच वर्षं संपत आली तसं परिषदेचं पत्र आलं. भाषा अतिशय सभ्य होती. आपली नोंदणी तूर्त स्थगित करण्यात येत असून आपणांस शस्त्रक्रिया करण्यास मनाई आहे. शिकण्यास मात्र मनाई नाही. उरलेले गुण महिनाअखेर मिळवल्यास स्थगिती उठेल, न मिळवल्यास पाच वर्षांचा अभ्यासक्रम पहिल्यापासून सुरू होईल.

डॉक्टरांनी ते पत्र वाचलं आणि त्यांना सगळ्यात आधी आठवली ती ताई.

ताई म्हणजे डॉक्टरांची थोरली बहीण. तिच्या पित्ताशयात खडे झाले होते. जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ यायची आणि ती पलंगाची कड धरून बसायची. ऑपरेशनची तारीख भावाने स्वतः दिली होती. ती पुढे ढकलावी लागेल, गुण मिळवायचे आहेत, हे सांगायला डॉक्टर तिच्या घरी गेले तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

“म्हणजे परत शाळेत? या वयात?” ताई म्हणाली. “नापास झालास का रे सोन्या?”

(सोन्या म्हणजे डॉक्टर. टक्कल पडून आता बराच काळ लोटला होता, पण घरातल्या नावांना वय लागू होत नाही.)

“नापास नाही गं. हजेरी कमी पडली.”

“मग दुसऱ्या कुणाला सांगू का?”

“ते सगळेही तिकडेच असतील. महिनाअखेर आहे.”

“तसंही माझ्या पोटाला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही, सांगून ठेवते. तुझे लंगोट धुतलेत मी. तेवढं तरी फेडशील की नाही?” असं म्हणून ताईने उशीचा अभ्रा झटकला आणि मध्येच बरगडीवर हात दाबून खाली बसली. पोटात कळ तिच्या आली होती, पण तोंड डॉक्टरांचं कडू झालं.

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर शिकायला लागले. सकाळी ‘हात धुणे: नवे प्रवाह’ हे व्याख्यान ऐकलं, दुपारी ‘हात धुणे: नव्या प्रवाहांचा पुनर्विचार’ हे ऐकलं, आणि दिवसअखेर हात होते तसेच राहिले, फक्त गुण दोनाने वाढले. ‘वारंवार संमेलनांना जाण्याने येणारा थकवा’ या विषयावर निवासी संमेलन होतं, तिथे राहून आले. एका कार्यशाळेत प्रत्येकाला एक केळं देऊन त्याच्या सालीला टाके घालायला सांगितलं होतं. डॉक्टरांनी केळं हातात घेतलं, टाके घातले आणि खाली ठेवलं. कार्यशाळा दुपारपर्यंत होती. प्रशिक्षक म्हणाले, टाके उत्तम आहेत, पण गुण टाक्यांना नसून वेळेला आहेत. मग डॉक्टर दुपारपर्यंत तेच टाके उसवत आणि घालत बसले. शेजारच्या गृहस्थांनी आपलं केळं खाऊन टाकलं, त्यांनाही तेवढेच गुण मिळाले.

सगळे हॉल सारखेच असतात. खुर्च्यांना पांढरे झगे, पायांना गार वारा, पुढच्या रांगेत रिकाम्या खुर्च्या आणि मागच्या रांगेत झोप. कार्ड यंत्रापुढे धरलं की हजेरी लागते, आणि कार्डाला माणूस जोडलेला असलाच पाहिजे असं नियमात कुठे म्हटलेलं नाही. एका हॉलमध्ये शेवटच्या खुर्चीवर कुणाच्या तरी गाडीचे ड्रायव्हर गळ्यात अकरा कार्डं अडकवून घोरत होते. अकरा सर्जन एका आवाजात घोरण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा.

इकडे हॉस्पिटलात शुकशुकाट होता. वॉर्डात रुग्ण होते, थिएटरात दिवे होते, फक्त कापायला कुणी नव्हतं. होती एक शिकाऊ डॉक्टर. ती तिसऱ्या वर्षाला होती म्हणून तिला सगळे ‘थर्ड इयर’ म्हणत. शिकाऊ डॉक्टरांना वर्षं असतात, नावं नंतर येतात. वरिष्ठ हजर असल्याशिवाय तिने सुरीला हात लावायचा नाही असा नियम होता, आणि तिचे सगळे वरिष्ठ ‘शिकाऊ डॉक्टरांना वेळ कसा द्यावा’ या शिबिराला गेले होते. शिबिर चांगलं चाललं होतं म्हणून ते दोन दिवसांनी वाढवण्यात आलं.

थर्ड इयरचा फोन आला तेव्हा डॉक्टर एका खोलीत बसून ‘फोनवर वाईट बातमी कशी सांगावी’ हे शिकत होते.

“सर, ताईंना दाखल करून घेतलंय. ताप आहे. आता थांबता येणार नाही, दोन-तीन दिवसांत काढावंच लागेल.”

डॉक्टर बाहेर आले (एक गुण), आणि धावत हॉस्पिटलात पोचले. ताई कॉटवर पाय पसरून बसली होती. चेहरा उतरला होता, पण तोंड शाबूत होतं. तिच्या शेजारी कोट घातलेले एक गृहस्थ उभे होते. ते वार्षिक महासंमेलनाचे संयोजक. महासंमेलन परवा याच हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावरच्या सभागृहात होतं. खालच्या मजल्यावर ऑपरेशन करून ते वर मोठ्या पडद्यावर दाखवायचं, असा त्यातला मुख्य कार्यक्रम. ऑपरेशन करायला तज्ज्ञ मिळाले होते, बघायला पाचशे सर्जन मिळाले होते, फक्त पित्ताशय कमी पडत होतं.

“करणार कोण?” डॉक्टरांनी विचारलं.

संयोजकांनी आवाज खाली आणून, देवाचं नाव घ्यावं तसं सांगितलं, “गुणमहर्षी.”

गुणमहर्षी ही पदवी परिषदेने एकाच माणसाला दिली होती. सबंध परिषदेत सर्वाधिक गुण त्यांचे. ते मिळवण्यासाठी त्यांनी आयुष्य वेचलं होतं. त्यांची शेवटची शस्त्रक्रिया झाल्याला इतका काळ लोटला होता की, तो रुग्ण दुसऱ्याच कशाने तरी, म्हातारा होऊन गेला होता. पण त्यानंतर त्यांचं शिकणं एक दिवसही खंडलं नव्हतं. उरलेले सगळे सर्जन मिळून जितकं शिकले, त्याच्या पासष्ट टक्के ते एकटे शिकले होते (उरलेले टक्के त्यांनी शिकवले होते).

“ताई, मला हे पटत नाही,” डॉक्टर म्हणाले.

“तू तिथे समोर बसणार आहेस ना?”

“वरच्या मजल्यावर. पडद्यासमोर.”

“मग झालं तर. काही चुकलं की ओरड.”

दुसरा उपाय नव्हता. इतर हॉस्पिटलांतले सर्जनही याच संमेलनाला येणार होते. आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांच्या मनात आणखी एक विचार आला, तो त्यांनी ताईला सांगितला नाही. महासंमेलनाच्या पूर्ण दिवसाचे जेवढे गुण होते, नेमके तेवढेच त्यांना कमी पडत होते.

त्या दिवशी सभागृह तुडुंब भरलं. पडद्यावर ताईचं पित्ताशय कपाटाएवढं दिसत होतं. लोकांनी त्याचे फोटो काढले. खाली गुणमहर्षी बोलत होते आणि वर त्यांचा आवाज घुमत होता, वरचं बोलणं खालीही पोचत होतं. काय ती वाणी! पित्ताशयाचा इतिहास, खड्यांचे प्रकार, शिक्षणाचं महत्त्व. आवाज जितका सराईत होता, तितकी पडद्यावरची हत्यारं पाहुण्यासारखी वागत होती. कशाला हात लावू आणि कशाला नको, अशी चाचपडत होती. पोटात कॅमेऱ्याची दुर्बीण धरली होती थर्ड इयरने, कारण अशा ऑपरेशनमध्ये कॅमेरा सगळ्यात कनिष्ठाने धरायचा असतो. तो हलला की रागावून घ्यायचं काम त्याच्याकडे असतं.

इथे वाचकांना एवढंच माहीत असलं तरी पुरे की, तिथे दोन नळ्या असतात. एक बारकी, पित्ताशयाची. तिला दोन क्लिपा, म्हणजे बारीक चाप, लावून ती मधोमध कापायची. दुसरी मोठी, यकृतातून आतड्याकडे जाणारी. ती कापली तर माणूस पिवळा पडतो आणि उरलेलं आयुष्य एका हॉस्पिटलातून दुसऱ्या हॉस्पिटलात काढतो. सूज असली की दोन्ही बहिणी-बहिणींसारख्या दिसतात. गुणमहर्षींचा चिमटा मोठीजवळ जाऊन थांबला.

डॉक्टर ताडकन उठून उभे राहिले. “ती नाही! सर, ती नळी नाही!”

“प्रश्न शेवटी,” अध्यक्ष म्हणाले.

“शेवटी विचारून काय उपयोग?”

“मग लेखी द्या. आणि कृपया प्रश्नाच्या स्वरूपात द्या, आपलं हे विधान आहे.”

कुजबुज वाढली, तसा पडद्यामागून गुणमहर्षींचा प्रसन्न आवाज आला. मतभेद हा ज्ञानाचा प्राण आहे, ते म्हणाले, तेव्हा सभागृहाचं मत घेऊ या. प्रत्येकाच्या खुर्चीला बटणांचा एक डबा अडकवलेला होताच. कोणती नळी कापावी? अ, डावीकडची. ब, उजवीकडची. क, दोन्ही. ड, खात्री नाही. मतदान करणाऱ्यास पाव गुण.

सभागृहाने उत्साहाने बटणं दाबली. मागच्या रांगेत झोपलेल्यांना शेजाऱ्यांनी उठवलं, त्यांनी कूस बदलता बदलता दाबली. निकाल रंगीत खांबांच्या रूपाने पडद्यावर उगवला. एकसष्ट टक्के मोठ्या नळीच्या बाजूने. बारकीला सव्वीस. दोन्ही कापाव्यात असं तेरा टक्क्यांचं मत पडलं. ‘खात्री नाही’ला शून्य, कारण ते सर्जनला शोभत नाही.

“माझंही हेच मत होतं,” गुणमहर्षी नम्रपणे म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

चिमटा उघडला. आणि पडदा पांढराफटक झाला.

“सॉरी सर,” थर्ड इयरचा बारीक आवाज आला. “लेन्सवर वाफ धरली. पुसते हं.”

तिने दुर्बीण पोटातून बाहेर काढली होती. जे दिसत नाही ते कापता येत नाही, इतपत नियम गुणमहर्षींनाही मान्य होता. वर पाचशे सर्जनांना आता गरम पाण्याची वाटी, गॉजची पट्टी आणि दाराएवढा अंगठा दिसत होता. अंगठा लेन्स पुसत होता. पुसून झाल्यावर पुन्हा पुसत होता. डॉक्टरांनी या मुलीला तीन वर्षं कॅमेरा धरायला शिकवलं होतं, बोटांवर चापट्याही दिल्या होत्या. लेन्स पुसायला किती वेळ लागतो ते त्यांना ठाऊक होतं. ती पुसत नव्हती, ती वाट बघत होती.

डॉक्टर दाराशी पोचले. तिथल्या मुलीने यंत्र पुढे केलं. “सर, समारोपाआधी बाहेर गेलात तर आजचा सगळा दिवस रद्द होतो. नंतर आम्हालाही काही करता येत नाही.”

डॉक्टर थांबले. खाली सख्खी बहीण पोट उघडं टाकून पडली आहे आणि हा माणूस दारात उभा राहून आपल्या पुढच्या पाच वर्षांचा विचार करतो आहे, हे सांगायला लाज वाटते, पण तो थांबला होता. फार वेळ नाही. मग त्यांनी कार्ड गळ्यातून काढून तिच्या हातात दिलं आणि जिना उतरले.

खाली त्यांनी हात धुतले (नवे प्रवाह आणि त्यांचा पुनर्विचार दोन्ही बाजूला ठेवून), गाऊन चढवला आणि टेबलाशी जाऊन उभे राहिले. वाटलं होतं, भांडण होईल. पण गुणमहर्षींच्या कपाळावर घाम होता आणि डॉक्टरांना पाहून त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही सुटका उमटली की यांना त्या म्हाताऱ्याची दयाच आली.

“या, या,” माईकवर हात ठेवून ते पुटपुटले. “तुम्ही जरा हे बघा. मी श्रोत्यांशी बोलतो.”

लेन्स तत्क्षणी स्वच्छ झाली. वर सभागृहात पडदा उजळला, आणि तीच हत्यारं अशी चालू लागली की, झोपलेले सुद्धा पुढे सरसावून बसले. चिमट्याने बारकी नळी हलकेच मोकळी केली, मोठीला धक्का लावला नाही, दोन क्लिपा बसल्या, मधोमध कात्री चालली. “बघा,” गुणमहर्षींचा आवाज सांगत होता, “आता मी बहुमताचा आदर राखून अंतिम क्षणी निर्णय बदलतो आहे. याला म्हणतात अनुभव.” पित्ताशय बाहेर आलं तेव्हा सभागृह उभं राहिलं. टाळ्या जिन्यातून खालपर्यंत ऐकू आल्या. डॉक्टर तेव्हा टाके घालत होते.

परिषदेने झाल्या प्रकाराची रीतसर चौकशी केली. शस्त्रक्रिया निर्दोष होती. ती गुणमहर्षींनीच केली, कारण चित्रफितीत आवाज त्यांचा आहे आणि नोंदणी स्थगित असलेली व्यक्ती शस्त्रक्रिया करू शकत नाही, म्हणजेच तिने ती केलेली नाही. थर्ड इयरने लेन्स प्रमाणापेक्षा जास्त वेळ पुसली, सबब तिला लेन्स पुसण्याच्या प्राथमिक वर्गाला पाठवावं. डॉक्टर समारोपाआधी उठून गेले, सबब त्यांचा अभ्यासक्रम पहिल्यापासून.

तो आता सुरू आहे. पहिल्याच वर्गात ताईच्या ऑपरेशनची चित्रफीत दाखवतात. ‘एक आदर्श शस्त्रक्रिया’ या नावाने ती सगळीकडे अभ्यासाला लागली आहे. डॉक्टर दुसऱ्या बाकावर बसून आपल्याच हातांकडे बघतात आणि टिपणं काढतात. परीक्षेत प्रश्न होता: दुसरी क्लिप लावण्यापूर्वी गुरुजी क्षणभर का थांबले? डॉक्टरांनी लिहिलं, नळी तीच ना हे पुन्हा एकदा पाहिलं, बहीण होती. उत्तर चुकीचं ठरलं. बरोबर उत्तर ‘श्रोत्यांना टिपणं घेता यावीत म्हणून’ असं होतं. छत्तीस टक्के मिळाले आणि खाली शेरा: गुरुजींच्या हातांचे बारकाईने निरीक्षण करावे.

ताई ठणठणीत आहे. सगळं खाते, पचवते, आणि भेटेल त्याला पोटावरची बारीकशी खूण दाखवून गुणमहर्षींच्या हाताची तारीफ करते. एकदा न राहवून डॉक्टर तिला म्हणाले, “ताई, त्या दिवशी हात माझे होते गं.”

ताईने त्यांच्याकडे फार मायेने पाहिलं. “असू दे रे सोन्या,” ती म्हणाली, “मनाला लावून घेऊ नकोस. तू पण शिकशील.”

ही हकीकत आजवर ज्यांना ज्यांना वाचून दाखवली, ते सगळे शहाणे लोक होते. ते मनापासून हसले, परिषदेला नावं ठेवली, डॉक्टरांसाठी हळहळले. आणि निघताना प्रत्येकाने दाराशी थांबून, आवाज खाली आणून, एकच विचारलं: सासूबाईंच्या पोटात खडे आहेत, त्या गुणमहर्षींचा नंबर मिळेल का? डॉक्टरांचा नंबर अजून कुणी मागितलेला नाही. तुम्हीही आता तेच विचारणार, म्हणून वेळ वाचवण्यासाठी तुमचं नाव पुढल्या संमेलनासाठी नोंदवून ठेवलं आहे. येताना उपाशीपोटी यावं.